हॅरिएट बीचर स्टो यांचा फोटो: चेहरा कोणाच्या हातात?

रानजाई

'अंकल टॉम्स केबिन' ही गुलामगिरीवरची कादंबरी लिहिणाऱ्या हॅरिएट बीचर स्टो यांचा फोटो आपण बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो. मधोमध भांग, कानांवर उतरणाऱ्या कुरळ्या बटा, गडद रंगाचा झगा आणि गळ्याशी पांढरी लेसची कॉलर. ओठ मिटलेले. सध्या मी या बाईंच्या फोटोंच्या मागे लागले आहे आणि जे वाचलं ते इथे मांडल्याशिवाय राहवत नाही.

थोडी पार्श्वभूमी. जन्म १८११, कनेक्टिकटमधलं लिचफिल्ड. वडील लायमन बीचर नामांकित धर्मोपदेशक. लग्नानंतर बरीच वर्षं सिनसिनाटीत गेली. हे गाव ओहायो नदीच्या काठावर. नदीच्या या तीरावर गुलामगिरीला बंदी, पलीकडे केंटकीत मात्र माणसांची खरेदी-विक्री राजरोस चालू. नदी ओलांडून पळून येणाऱ्यांच्या कहाण्या बाईंच्या कानावर पडत होत्या. १८५० मध्ये पळालेल्या गुलामांविषयीचा कायदा झाला. कोणी अशा माणसाला आसरा दिला तर हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद, मग घर गुलामगिरीमुक्त राज्यात का असेना. या कायद्याने त्या पेटून उठल्या. ५ जून १८५१ पासून वॉशिंग्टनच्या 'नॅशनल एरा' या साप्ताहिकात कथा क्रमशः येऊ लागली, २० मार्च १८५२ ला पुस्तक निघालं आणि पहिल्या वर्षभरात एकट्या अमेरिकेत तीन लाख प्रती खपल्या.

एवढी प्रसिद्धी मिळाल्यावर लोकांना बाई दिसतात कशा याची उत्सुकता वाटणारच. इलायझा फोलन नावाच्या लेखिकेने पत्रातून त्यांची माहिती विचारली. स्टोबाईंनी उत्तरात स्वतःचं जे वर्णन केलंय त्याचा आशय असा: मी एक चिमुकली बाई, चाळिशी ओलांडलेली, चिमूटभर तपकिरीसारखी बारीक आणि सुकलेली; ऐन उमेदीतही बघण्यासारखं फार काही नव्हतं, आता तर पार वापरून झालेली वस्तू दिसते.

त्याच पत्रात पुढे त्या आपल्या चार्लीबद्दल लिहितात. हे तान्हं मूल १८४९ च्या सिनसिनाटीतल्या कॉलऱ्यात गेलं, वय दीड वर्षं. पोटचं मूल हिरावून नेलं की गुलाम आईला काय होत असेल हे मला त्याच्या मरणशय्येपाशी आणि थडग्यापाशी कळलं, असं त्या सांगतात. मृत्यूनंतर काढलेला त्या बाळाचा दागेरोटाइप, म्हणजे धातूच्या पत्र्यावरचा फोटो, आजही जपलेला आहे. जिवंतपणी फोटो काढायचा राहून जाई, म्हणून त्या काळी आईबाप मुलाचा शेवटचा चेहरा असा ठेवून घेत. बाईंचे फोटो बघताना हे बाळ माझ्या मनातून जात नाही. फोटो म्हणजे नक्की काय आणि तो कशासाठी जपायचा हे त्यांना प्रसिद्धीच्या आधीच, फार मोठी किंमत मोजून कळलेलं होतं.

१८५३ मध्ये त्या इंग्लंड-स्कॉटलंडच्या दौऱ्यावर गेल्या. तिथे दुकानांच्या काचांमागे त्यांच्या नावाची चित्रं आधीपासून टांगलेली होती. त्या प्रवासावरच्या पुस्तकात त्यांनी लिहिलंय की लोक मला भेटले की, वाटलं होतं तेवढी ही वाईट दिसत नाही, असंच बोलतात. आणि ती चित्रं पाहिल्यावर बाईंनाच नवल वाटलं, की अशी भयंकर दिसणारी बाई समजूनही या लोकांनी माझ्यावर इतकी माया कशी केली! ब्रिटिश म्युझियममधली स्फिंक्सच या चित्रांसाठी बसली असावी, असंही त्या म्हणतात.

हे त्यांनी हसत हसत लिहिलंय. मला मात्र त्यामागे दुखावलेपण दिसतं. बाईंनी गुलामगिरीवर लिहिलं आणि लोकांना घाई झाली ती तिचा चेहरा ठरवण्याची. चेहरा माहीत नसला तर कल्पनेने काढला आणि विकला. पुढे खरे फोटो सगळीकडे पोचल्यावरच ही मनमानी आटोक्यात आली. माझ्या मते स्टो यांच्या फोटोंचं महत्त्व इथे आहे. इतरांना काय वाटतं?

---

जुनी काच

रानजाई, धागा फार आवडला. जुन्या फोटोप्रक्रिया हा माझा जिव्हाळ्याचा विषय, तेव्हा त्या बाजूने भर घालतो.

पुस्तक आलं तेव्हा अमेरिकेत दागेरोटाइपचा जमाना होता. तांब्याच्या पत्र्याला चांदीचा मुलामा द्यायचा, तो आरशासारखा लखलखीत होईपर्यंत घासायचा, आयोडीनच्या वाफेवर धरायचा की तो प्रकाशाला संवेदनशील होतो. मग कॅमेऱ्यात, आणि तिथून गरम पाऱ्याच्या धुरीवर. प्रतिमा उमटते ती त्या पत्र्यावरच. निगेटिव्ह नसतेच, त्यामुळे एका बैठकीतून एकच फोटो. दुसरा हवा तर पुन्हा बसा, नाहीतर त्या फोटोचा फोटो काढा. शिवाय प्रतिमा आरशातल्यासारखी उलटी येते. कॅमेऱ्याला उलटवणारा आरसा किंवा भिंग लावलं नसेल तर डावा हात उजवा दिसतो. जुन्या तसबिरीत अंगठी भलत्याच हातात दिसली तर हे लक्षात ठेवा.

तीन लाख प्रती खपलेल्या पुस्तकाच्या लेखिकेचा चेहरा एका पत्र्यावरून गावोगाव जाणार कसा? वर्तमानपत्रात फोटो छापायची सोय नव्हती. हाफटोन ब्लॉक, म्हणजे फोटो बारीक ठिपक्यांत फोडून छापायची पद्धत, रुळली ती १८८० च्या दशकानंतर. तोवर कोणीतरी फोटो समोर ठेवून लाकडावर कोरायचा किंवा लिथोच्या, म्हणजे शिळाछापाच्या, दगडावर काढायचा, दुसरा त्या छापावरून तिसरं चित्र करायचा, आणि प्रत्येक हातात नाक थोडं लांबायचं, डोळे थोडे मोठे व्हायचे. ज्यांच्याकडे मूळ फोटोही नव्हता ते तर मनानेच काढायचे. स्टोबाईंनी दुकानात पाहिली ती चित्रं या परंपरेतली.

चित्र पालटलं ते काचेच्या निगेटिव्हमुळे. १८५१ मध्ये आर्चर या इंग्रजाने कोलोडियनची पद्धत जाहीर केली: काचेवर या चिकट द्रवाचा थर द्यायचा आणि त्यावर निगेटिव्ह घ्यायची. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर त्या निगेटिव्हचे हवे तेवढे छाप निघत. १८५४ मध्ये पॅरिसच्या दिसदेरीने एका काचेवर आठ फोटो घेण्याचं पेटंट मिळवलं. 'कार्ट द व्हिझिट' ती हीच, साधारण १० बाय ६ सेंटिमीटरच्या पुठ्ठ्यावर डकवलेली. १८६० नंतर लोक राणीपासून सेनापतींपर्यंत सगळ्यांची कार्डं विकत घेऊन अल्बममध्ये लावू लागले. स्टोबाईही त्या अल्बमांत गेल्या.

ओठ का मिटलेले, तर काही सेकंद हलायचं नाही. मागे लोखंडी स्टँड, त्याचा चिमटा मानेला टेकवलेला. पुष्कळ जुन्या फोटोंत माणसाच्या पायांमागे त्या स्टँडचा पाय डोकावतो. तेवढा वेळ हसू टिकत नाही. त्यावरून स्वभावाचे निष्कर्ष काढू नयेत.

---

हिरवा चाफा

वाचते आहे. लिंकन त्यांना भेटल्यावर 'हे मोठं युद्ध सुरू करणारी छोटी बाई ती हीच का' असं म्हणाले होते ना? तो प्रसंगही घ्या की इथे.

---

रानजाई

हिरवा चाफा, भेट खरी आहे, १८६२ च्या अखेरीस व्हाइट हाउसमध्ये. पण ते वाक्य छापून आलं बाईंच्या मृत्यूनंतर, १८९६ मध्ये. भेटीच्या वेळच्या पत्रव्यवहारात ते सापडत नाही, म्हणून अभ्यासक ते खरं धरत नाहीत. मला ते वाक्य खटकतं ते वेगळ्या कारणाने. तिथेही लक्ष बाईच्या चणीवरच.

जुनी काच, तुम्ही प्रत्येक हातात नाक लांबण्याबद्दल लिहिलंत त्याने चित्र एकदम स्वच्छ झालं. मनापासून आभार.

---

आडवाट

धागा उत्तम, पण यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग अजून आलेलाच नाही. सोजर्नर ट्रूथ.

ट्रूथबाई न्यूयॉर्क राज्यातल्या अल्स्टर परगण्यात १७९७ च्या सुमारास गुलाम म्हणून जन्मल्या. मालक डच, त्यामुळे त्यांची पहिली भाषाही डच. मुक्त झाल्यावर कोर्टात जाऊन त्यांनी आपला विकला गेलेला मुलगा परत मिळवला. पुढे गुलामगिरीविरुद्ध आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी गावोगाव भाषणं केली. १८५३ मध्ये त्या स्टोबाईंना त्यांच्या घरी भेटल्या. या भेटीवर स्टोबाईंनी दहा वर्षांनी, एप्रिल १८६३ च्या 'अटलांटिक मंथली'त लेख लिहिला.

या लेखात ट्रूथबाई आफ्रिकेतून आणलेल्या दाखवल्या आहेत. त्यांच्या तोंडी दक्षिणेकडच्या मळ्यांवरची मोडकीतोडकी बोली घातली आहे. एका शिल्पकाराने त्यांचं वर्णन ऐकून प्राचीन आफ्रिकी भविष्यवादिनीचा संगमरवरी पुतळा कसा घडवला हे कौतुकाने सांगितलं आहे. आणि कळस म्हणजे त्या आता हयात नाहीत असंही लिहिलं आहे. ट्रूथबाई तेव्हा मिशिगनमध्ये होत्या आणि पुढे २० वर्षं जगल्या, १८८३ पर्यंत.

आता रानजाईंनी सांगितलेली दुकानाच्या काचेची गोष्ट यापुढे ठेवा. स्वतःचा चेहरा दुसऱ्यांनी मनाने रंगवला तर काय वाटतं हे जिने भोगलं, तिनेच दुसऱ्या बाईचा चेहरा मनाने रंगवला. आणि हिच्या शब्दाला वजन किती, तर हिने रंगवलेलंच लोकांनी खरं धरलं.

ट्रूथबाईंना लिहितावाचता येत नव्हतं. त्या फोटो स्टुडिओत गेल्या. १८६४ च्या त्या कार्डांवर त्या नीट बसलेल्या दिसतात. डोक्याला पांढरी टोपी, खांद्यावर पांढरी शाल, नाकावर चष्मा, हातात विणकाम आणि बाजूच्या टेबलावर फुलं. लोकरीचा धागा मांडीवरून खाली ओघळलेला. एखाद्या सुखवस्तू घरातली प्रतिष्ठित आजी बसावी तशी बैठक. प्राचीन नाही, गूढ नाही. खाली छापलेली ओळ: देह जगवण्यासाठी मी सावली विकते. अशा फोटोंचे हक्क एरवी स्टुडिओवाला स्वतःच्या नावावर करायचा. यांनी ते आपल्या नावावर नोंदवले आणि भाषणांच्या जागी कार्डं विकून पोट भरलं.

माझ्या लेखी फोटोने खरी सत्ता दिली असेल तर ती इथे दिली. स्टोबाईंना फोटो नसता तरी लेखणी होती, प्रकाशक होते, भाऊ नामांकित होता.

---

पडवी

आडवाट, मुद्दा जोरकस आहे, पण तुम्ही एका बाजूने जास्त कलताय असं वाटतं. १८७५ च्या सुमारास ट्रूथबाईंचं चरित्र नव्याने निघालं तेव्हा त्यात स्टोबाईंचा तो लेख समाविष्ट केला होता. तो त्यांना निव्वळ अपमान वाटला असता तर पुस्तकात घेतला असता का? त्या लेखाने त्यांचं नाव देशभर पोचलं आणि त्याचा उपयोग त्यांनी करून घेतला. कार्डांची विक्रीही त्यानंतरच वाढली असणार.

शिवाय स्टोबाईंचं काम विसरायला नको. ब्रिटनमधल्या साडेपाच लाखांहून अधिक स्त्रियांनी सह्या केलेलं गुलामगिरीविरोधी निवेदन त्यांच्याकडे २६ खंडांत बांधून आलं. एवढ्या स्त्रियांना एका सार्वजनिक प्रश्नावर सही करायला लावणं ही १८५३ सालातली लहान गोष्ट नव्हती.

---

आडवाट

पडवी, लेख पुस्तकात घेतला हे खरं. ज्याच्या हाती थोडकंच असतं तो मिळेल ते वापरतो, म्हणजे ते त्याला पटलं असं होत नाही. आणि ट्रूथबाईंनी लेखाचा फायदा घेतला तरी स्वतःची ओळख म्हणून त्या देत होत्या ते कार्डच ना?

आपण आज जे म्हणतोय ते स्टोबाईंना त्यांच्या हयातीतही ऐकावं लागलं होतं. १८५३ मध्ये मार्टिन डिलेनी या कृष्णवर्णीय नेत्याने स्पष्ट लिहिलं की या बाईंना आमच्याबद्दल काही माहीत नाही. गुलामगिरीतून सुटलेले कृष्णवर्णीय वक्ते आणि संपादक फ्रेडरिक डग्लस यांनी स्टोबाईंची बाजू घेतली, तेही आपल्याच वर्तमानपत्राच्या पानांवर. त्यानंतर शंभरेक वर्षांनी, १९४९ मध्ये, जेम्स बाल्डविन या कृष्णवर्णीय लेखकाने या कादंबरीवर अतिशय कठोर लेख लिहिला. अश्रूंच्या पुरात माणूस नाहीसा होतो, असा त्याचा रोख. 'अंकल टॉम' ही आज अमेरिकेत शिवी आहे. कादंबरीतला गुलाम टॉम पळालेल्या दोन बायकांचा ठावठिकाणा सांगण्यापेक्षा मार खाऊन मरण पत्करतो. पण रंगभूमीवरच्या टॉम-खेळांनी त्याला लाचार म्हातारा करून टाकलं. त्या खेळांचा एक पैसाही लेखिकेला मिळाला नाही आणि त्यांत काय दाखवतात यावर तिचा अधिकारही नव्हता.

---

रानजाई

आडवाट, तुमचा पहिला प्रतिसाद मी पुन्हा पुन्हा वाचला. माझ्या मूळ लिखाणात जी बाजू नव्हती ती तुम्ही आणलीत. आता स्टोबाईंचा फोटो पाहताना शेजारी ट्रूथबाईंचं कार्ड ठेवूनच पाहावंसं वाटतं. एकीच्या फोटोत काही सांगायची गरज नाही, नावच पुरेसं. दुसरीला चष्मा, विणकाम, फुलं, छापील ओळ, सगळं जमवून मी कोण हे सिद्ध करावं लागतं.

डग्लस यांचं नाव आलं म्हणून सांगते. १८४९ मध्येच त्यांनी लिहिलं होतं की गोऱ्या चित्रकारांच्या हातून काळ्या माणसाचं निःपक्षपाती चित्र निघणं जवळजवळ अशक्य आहे. त्यावर त्यांनी शोधलेला उपाय म्हणजे कॅमेरा. एकोणिसाव्या शतकात सर्वाधिक फोटो निघालेले अमेरिकन म्हणून त्यांचीच गणना होते, लिंकनपेक्षाही जास्त. १८६१ मध्ये बोस्टनला त्यांनी चित्रं आणि फोटो या विषयावर व्याख्यानही दिलं, ऐन यादवी युद्ध पेटलेलं असताना!

पडवी, सह्यांचा मुद्दा मला मान्य आहे. ते २६ खंड हा स्टोबाईंच्या कामाचा भक्कम पुरावा आहे.

---

सांजवेळ

सगळे प्रतिसाद आज सलग वाचले. मराठी वाचकाला यात एक जवळची वाट आहे. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. म्हणजे स्टोबाई ज्या चळवळीत होत्या तिची दखल पुण्यात कोणी घेतली तर फुल्यांनी, आणि घेतली ती आपल्या इथल्या शूद्रातिशूद्रांकडे बोट दाखवून.

दुसरं उदाहरण आनंदीबाई जोशी आणि पंडिता रमाबाईंचं. १० ऑक्टोबर १८८५ चा तो फोटो आठवा. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लाम्बूली शेजारी शेजारी बसल्या आहेत. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात, आनंदीबाई साडीत. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाईंच्या पदवीदानासाठी रमाबाई तिथे गेल्या आणि पुढच्या वर्षी तिथेच त्यांचं उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचं इंग्रजी पुस्तक निघालं, आपल्या आईच्या स्मृतीला अर्पण केलेलं. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली, दहा वर्षं मदतीचं वचन मिळालं आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं.

अमेरिकेतल्या ज्या सभागृहांत आधीच्या पिढीने गुलामगिरीवरची भाषणं ऐकली होती, तशाच सभागृहांत रमाबाई विधवांविषयी बोलत होत्या. देणाऱ्यांना त्यांची पांढरी साडी आणि कापलेले केसही दिसत होते. आडवाट म्हणतात ती ओढाताण इथेही आहे. समोरचे लोक तुला पूर्वेकडची एक अद्भुत मूर्ती म्हणून बघणार, आणि तुला त्यांच्याकडून शाळेसाठी पैसे न्यायचे आहेत. रमाबाईंनी पैसे आणले आणि स्वतःचं पुस्तक स्वतः लिहिलं. त्या बाबतीत त्या ट्रूथबाईंपेक्षा सुदैवी.

---

हिरवा चाफा

सांजवेळ, वा! तो तिघींचा फोटो मी कितीदा पाहिलाय, पण या बाजूने कधी विचार केला नव्हता.

अजून एक विचारते. स्टोबाईंना पुस्तकातून पैसे बरे मिळाले का? एवढा खप म्हणजे ऐश्वर्यच असेल.

---

पडवी

पहिल्या तीन महिन्यांत दहा हजार डॉलर मानधन मिळालं, त्या काळात फार मोठी रक्कम. पण ब्रिटनमध्ये अमेरिकेतही झाला नाही इतका खप झाला तो बहुतेक बिनपरवाना आवृत्त्यांचा. आंतरराष्ट्रीय स्वामित्वहक्क नव्हता, त्यामुळे कायद्याने त्यांना काहीच देणं लागत नव्हतं. फिलाडेल्फियात एकाने जर्मन भाषांतर परवानगीशिवाय छापलं, त्या कोर्टात गेल्या आणि १८५३ मध्ये हरल्या. भाषांतर म्हणजे नक्कल नव्हे, असा निकाल. कप, बशा, पुतळ्या, पत्ते, सगळ्यांवर टॉम आणि कादंबरीतली छोटी मुलगी इव्हा झळकले, त्यातलंही काही नाही.

---

जुनी काच

शेवटी एक कळकळीची विनंती. स्टोबाईंचे किंवा ट्रूथबाईंचे फोटो शोधाल तेव्हा अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात शोधा. मोठ्या आकाराचे स्कॅन तिथे मोफत उतरवून घेता येतात. बीचर कुटुंबाचा मॅथ्यू ब्रेडीच्या स्टुडिओतला १८६१ च्या सुमाराचा फोटो जरूर बघा, म्हातारे लायमन, मुलगा हेन्री वॉर्ड आणि हॅरिएट.

आणि सध्या फिरणाऱ्या रंगीत, गुळगुळीत केलेल्या आवृत्त्या कृपा करून पुढे पाठवू नका. कोलोडियनला फक्त निळा-जांभळा प्रकाश कळायचा. तांबूस गाल त्यात गडद उतरायचे, निळे डोळे फिकट पडायचे, वांग आणि सुरकुत्या आहेत त्याहून ठळक दिसायच्या. तेव्हा चेहऱ्याचा मूळ रंग काय होता हे त्या काचेत नोंदलेलंच नाही. आज संगणक तिथे जो रंग भरतो तो अंदाज आहे. चाळिशीतल्या बाईच्या सुरकुत्या पुसून तो तिला पंचविशीची करतो, ट्रूथबाईंची कांती दोन छटा उजळ करतो, आणि खाली लोक लिहितात, 'किती सुंदर होत्या!' ट्रूथबाईंनी आपल्या फोटोचा हक्क पैसे भरून, नाव नोंदवून घेतला होता. तो पिवळा पडलेला, कडा झिजलेला फोटो आहे तसाच पाठवा, खालच्या छापील ओळीसकट.